काळ्या घोंगडीपुढचा फोटो

आमच्या घरात कॅमेरा आला तो पुण्याच्या काकांच्या पिशवीतून, चिवड्याच्या डब्याखाली दडपून. काकांनी नवा घेतला होता म्हणून जुना आम्हाला. त्याची पुस्तिका हरवलेली, पट्टा तुटलेला, आणि पेन्सिल सेल घातले की अर्ध्या तासात मान टाकायचे. तरी अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला हळदकुंकू लावलं, पुढ्यात नारळ फोडला आणि रुमालात गुंडाळून तो लोखंडी कपाटात आईच्या शालूशेजारी ठेवला. अप्पा यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचे. दहा-वीस मण लोखंडाला न भिणारा हा माणूस मुठीएवढ्या यंत्राला मात्र भ्यायला. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक गोल चकती होती. तिच्यावर एक हिरवं चित्र आणि बाकी नुसती इंग्रजी अक्षरं. अप्पांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "हिरव्यावरच ठेवायचं. बाकीचं आपल्यासाठी न्हाय." मग सणावाराला कॅमेरा बाहेर निघायचा, सगळ्यांना रांगेत उभं करायचा आणि परत रुमालात जायचा. त्या काळातल्या आमच्या सगळ्या फोटोंत माणसं पोलीस चौकीत बसवल्यासारखी दिसतात ती त्यामुळेच.

मी आत्मकथन लिहायला बसले म्हटल्यावर माझी मुलगी हसली. म्हणाली, त्याला म्हातारं व्हावं लागतं. केसांत मेंदी लावायला लागले एवढं म्हातारपण मला पुरेसं वाटतं. शिवाय तिच्या मोबाइलात माणसाचा चेहरा न विचारता गोरा होतो, डोळे मोठे होतात, हनुवटी निमुळती होते. ते बघितलं की मला मंदाताई आठवते, आणि कुणीतरी हे लिहून ठेवलं पाहिजे असं वाटतं.

मंदाताई माझी आतेबहीण. सांगोल्याच्या बाजूला आत्याची मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. ताई शिकायला म्हणून सोलापुरात आमच्याकडे राहायला आली आणि आमच्या दोन खोल्यांची मालकीणच झाली. आमची गल्ली मागांची. सकाळपासून खटक-खटक चालू, ती इतकी अंगवळणी पडलेली की वीज गेली आणि माग थांबले की झोपलेली माणसं दचकून उठायची. पलीकडे राजम्मा काकू राहायच्या, त्या घरात तेलुगू आणि गल्लीत मराठी बोलायच्या आणि भांडताना दोन्ही एकदम. मागच्या अंगणात नळ. पाणी येणार त्या दिवशी घरातली कळशी, बादली, पातेली, अगदी चहाची भांडीसुद्धा नळापुढे रांग लावायची. आई शेंगा भाजायला बसली की त्या वासाने गल्लीतली पोरं दारात येऊन उगाच अभ्यासाचं विचारायची. आणि ताईच्या कडक भाकऱ्या. कागदासारख्या पातळ, चुलीवर वाळवलेल्या, मोडल्या की पापडासारखा आवाज करणाऱ्या. त्यावर शेंगाची चटणी आणि कच्चं तेल. मी पुढे पुष्कळ ठिकाणी जेवले, पण त्या आवाजाची भूक कुठे भागली नाही.

ताई काळी होती. सावळी, गव्हाळ, निमगोरी वगैरे जे शब्द आपण लाजून वापरतो त्यातली नव्हे. चांगली काळी, तुकतुकीत, सरळ नाकाची, आणि हसली की खालच्या ओठाशेजारी एक खळी पडायची. चालायची अशी की वाटेतल्या बायका बाजूला व्हायच्या. मला ती जगातली सगळ्यात देखणी बाई वाटायची आणि अजूनही ते मत बदलायला कारण मिळालेलं नाही. पण तिच्या लग्नाचं बघायला लागले आणि घरात सारखा एकच विषय निघायला लागला. तो रंग या शब्दाशिवाय बोलला जायचा. "जरा उजळ फोटो पाहिजे," असं आई म्हणायची, एवढंच.

तेव्हा स्थळाकडे आधी फोटो जायचा आणि मग माणसं यायची. अप्पा ताईला नवी पेठेतल्या एका स्टुडिओत घेऊन गेले. मीही गेले. तिथे तिच्या तोंडाला इतकी पावडर लावली की भुवया पांढऱ्या झाल्या, आणि मग कॉम्प्युटरवर उरलीसुरली ताईही पुसून टाकली. फोटोत एक गुलाबी बाई आली. आईला फोटो आवडला. तो टेंभुर्णीच्या एका स्थळाकडे गेला, आणि त्यांचा लगेच निरोप आला की आम्ही येतो.

आले ते सहा-सातजण. ताई पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाच्या मावशीच्या हातात तो फोटो होता. तिने फोटो बघितला, ताईकडे बघितलं, परत फोटो बघितला आणि अगदी सरळ मनाने विचारलं, "हा फोटू धाकट्या बहिणीचा हाय का?" ताईला धाकटी बहीण नाही. त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, ऊन फार आहे म्हणाले आणि गेले. आत्या त्या दिवशी आलेली होती. ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती आणि तिने सगळं ऐकलं. पाहुण्यांपुढे ती कधीच यायची नाही. "माझ्याकडं बघून पोरीचं मोडायला नगं," म्हणायची. आत्या ताईहूनही काळी.

मला वाटलं ताई रडेल. तिने कपबशा विसळल्या, ओटा पुसला आणि पदराला हात पुशीत बाहेर येऊन म्हणाली, "त्या बाईचं काय चुकलं मामा? तिच्या जागी मी असते तरी तेच विचारलं असतं. फोटू माझा नव्हताच की." अप्पा खाली मान घालून बसले होते. ताई म्हणाली, "आता मला मी दिसंल असा फोटू काढा. न्हायतर फोटू बी नगं आन् मी बी नगं."

आई म्हणाली, "अगं, खरा फोटो बघून कुणी आलंच नाही तर?"

"न येऊ दे मामी. येऊन परत जाण्यापरीस न आलेलं बरं."

लवकरच दुसऱ्या स्थळाचं बोलणं निघालं. मुलगा अक्कलकोटकडच्या शाळेत मास्तर, घर मंगळवेढ्याच्या बाजूचं. मध्यस्थ तात्या म्हणाले की मी सोमवारी येतो, फोटो तयार ठेवा. स्टुडिओचं नावही काढायची सोय नव्हती, म्हणून अप्पांनी कपाटातला रुमाल सोडला. अंगणाची एक भिंत त्यांनी दिवाळीत स्वतः चुन्याने रंगवली होती. ते म्हणाले, "हिच्यापुढं हुबी ऱ्हा. भित पांढरी, तू बी उजळ येशील." कॅमेरा हिरव्यावर. फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर भिंत राखाडी आणि तिच्यापुढे एक काळा ठिपका, त्याला साडी नेसवलेली. आईने भिंतीवर धुतलेली पांढरी चादर लावली. ताई आणखी काळी आली. आईने पावडरचा डबा आणला, अप्पांनी ताईला भर उन्हात उभं केलं. फोटोत डोळ्यांच्या जागी दोन खळगे आले. अप्पा म्हणाले, "कॅमेऱ्यात दोष न्हाय, मला वाटतं..." आणि ताईकडे बघून थांबले. वाक्य त्यांनी गिळलं, पण ताईने ते ऐकलं होतं. तिने कॅमेरा त्यांच्या हातातून घेतला आणि चकती हिरव्यावरून फिरवली. अप्पांच्या चेहऱ्यावर असा भाव होता की आता घराला आग लागणार.

त्यानंतरचे दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. ताई कॉलेजातून आली की कॅमेरा घेऊन अंगणात. पुस्तिका नाही, शिकवायला कुणी नाही. ती एकच पितळी तांब्या एकाच जागी ठेवायची, एकच गोष्ट बदलायची, फोटो काढायची आणि बघायची. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत हा तिचा नेम. मी एकदा उत्साहाने दोन बटणं दाबली तर म्हणाली, "भाजीत मीठ आन् तिखट एकदम टाकलं तर कशानं बिघडली ते कळंल का?" राजम्मा काकू ओला पंचा झटकत होत्या, तेव्हा ताईने कॅमेऱ्यातली झडप, म्हणजे शटर, उघडी राहण्याचा वेळ अगदी कमी केला, आणि फोटोत पाण्याचे थेंब हवेत थांबलेले दिसले. काकूंनी ते पाहिले आणि मग मुद्दाम पंचे भिजवून झटकायला लागल्या. भिंगाचं तोंड मोठं केलं की जवळची तुळस स्पष्ट आणि मागची भिंत धूसर, तोंड बारीक केलं की दोन्ही स्पष्ट पण फोटो अंधारा. हे सगळं माझ्या डोक्यावरून जात होतं. मग तिने चुलीपुढे बसल्या बसल्या सांगितलं, "हे बग. भाकरी सारकी भाजली पायजे. जाळ मोठा असंल तर वेळ कमी लागतो, जाळ बारीक असंल तर वेळ जास्त. भिंगाचं तोंड म्हंजे जाळ, आन् झडप म्हंजे वेळ."

"आणि ते आयएसओ? ते वाढवलं की अंधारातही उजळ येतं ते?"

"ते रॉकेल. ओतलं की पेटतं बिगी बिगी, पण भाकरीला वास येतो." खरंच, ते वाढवून काढलेला फोटो मोठा करून बघितला तर रवा सांडल्यासारखा दिसायचा. पुढे मी या विषयावरची बरीच इंग्रजी पुस्तकं वाचली. चुलीपुढे जे कळलं त्यापुढे फार काही त्यांत मिळालं नाही.

पण चेहऱ्याचं कोडं सुटलं ते परातीमुळे. भाकऱ्यांसाठी पीठ चाळून ठेवलं होतं, शेजारी तवा होता. ताईने परातीवर वाकून नुसत्या पिठाचा फोटो काढला, मग नुसत्या तव्याचा. पडद्यावर दोन्ही पाठोपाठ बघितले आणि ती तिथेच फरशीवर बसली. मला दाखवलं. ज्वारीचं पांढरं पीठ राखाडी आलं होतं. काळा कुळकुळीत तवाही राखाडी. कुठलं काय ते ओळखू येत नव्हतं.

"बारके, ह्याला काळं-गोरं काय कळतच न्हाय," ताई म्हणाली. "ह्याला सगळं चुलीतल्या राखेवानी पायजे. समोर लई पांढरं आलं की हे घाबरून सगळ्यावर अंधार घालतं. समोर काळं आलं की सगळं उजळतं. मामा मला पांढऱ्या भितीपुढं हुबं करतात तवा ते भितीला बगून मला अंधारात टाकतंय."

ती हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पिठाच्या हाताने पुसलं. लहानपणापासून शाळेच्या फोटोत, लग्नांच्या फोटोत, ओळखपत्रावर, सगळीकडे पांढऱ्या भिंतीपुढे उभं राहून ती ठिपका झाली होती, आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं होतं की हे आपल्यामुळे.

शनिवारी संध्याकाळी आत्या आली. हातात धपाट्यांचं गाठोडं आणि खांद्यावर काळी घोंगडी. ताईने आत्याला पाणीसुद्धा न देता घोंगडीकडे बोट दाखवलं. "आय, हे मला उद्याच्याला पायजे. ह्याच्यापुढं बसून फोटू काढायचाय."

आमच्या आईच्या हातातलं पातेलं थांबलं. "लग्नाच्या फोटोला काळं? आणि काळ्यापुढं तू?" अप्पाही कुरकुरले. त्यांना वाटलं पोरगी हट्टाला पेटली आणि आता मुद्दाम वाईट करून घेतेय.

आत्याने आधी पाणी मागून घेतलं, पिऊन झालं, मग म्हणाली, "काळं म्हणून अशुभ व्हय? बाळू, तुझं लगीन लागलं तवा तू कशावर बसला हुतास? आपल्यात देव बी घोंगड्यावर बसतो." अप्पा, म्हणजे आत्याचा बाळू, दोरीवरचे कपडे काढायला उठले. आत्या ताईकडे वळली. "पर खिळा मारायचा न्हाय त्याला. देवाचं हाय."

रविवारी सकाळी आत्याने घोंगडीला हात जोडले आणि स्वतःच्या हाताने ती अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर पसरली. ताईने जागा निवडली ती सावलीची, पण पुढून आभाळाचा उजेड येईल अशी. पावडर नाही. रोजचीच हिरवी साडी, केसांत अबोली. स्टुलावर बसली आणि मला म्हणाली, दाब. मी दाबलं. सगळे पडद्यावर वाकलो.

फोटोत ताई गोरी होती.

पावडर नाही, कॉम्प्युटर नाही, आणि तरी पिठात लोळल्यासारखी उजळ. घोंगडीचं काळेपण बघून कॅमेऱ्याने ताईला उजळून टाकलं होतं. आईने कॅमेरा माझ्या हातातून ओढूनच घेतला. "हाच. हाच द्यायचा. यात काही खोटं नाही, आपण कशाला हात लावलेला नाही." अप्पा म्हणाले, "आता कोण काय म्हणंल? कॅमेऱ्यानंच काढलाय की." आत्यासुद्धा बघत राहिली. एवढे दिवस ज्याच्यासाठी घर झुरत होतं ते हातात होतं, फुकट आणि प्रामाणिकपणे. त्या क्षणी ताईने हो म्हटलं असतं तर तिला कुणीच दोष दिला नसता.

ताईने आपलं मनगट पडद्याशेजारी धरलं. एकदा पडदा बघितला, एकदा मनगट. "ही टेंभुर्णीला धाडलेल्या फोटूतलीच पोरगी हाय मामी," ती म्हणाली, "नुसती पावडर न लावता आलीया." मग तिने फोटो उजळ-अंधारा करणारं अधिक-उण्याचं बटण दाबलं, एक घर उण्याकडे सरकवलं, स्टुलावर जाऊन बसली. मी दाबलं. उठली, मनगट धरलं, आणखी एक घर. परत बसली. आई आत निघून गेली. असं किती वेळा झालं मला आठवत नाही, पण दर वेळी ती उठायची तेव्हा मला भीती वाटायची की आता ही दमेल आणि पुरे म्हणेल. ती दमली नाही. शेवटी एकदा तिने मनगट पडद्याला लावलं आणि ते मनगट कुठे संपतं आणि फोटो कुठे सुरू होतो ते कळेना.

घोंगडी त्यात खरीच काळी होती, तिचा धागा न् धागा दिसत होता. आणि तिच्यापुढे ताई. तितकीच काळी, जितकी आहे तितकी. कपाळावर उजेड, नाकाची सरळ रेघ, ओठाशेजारची खळी, डोळे थेट बघणाऱ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा मी जी ताई बघत होते ती दुसऱ्या कुणालाही दिसेल अशी झाली होती.

आत्याने कॅमेरा दोन्ही हातांत धरला. अप्पांच्या लग्नाच्या अल्बममध्ये पांढऱ्या फेट्यांच्या मधोमध एक अंधारी जागा आहे, ती आत्या. त्यानंतर कुणी फोटो काढायला लागलं की ती शेळीला पाणी पाजायला उठायची. तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "माझं बी नाक असंच हाय व्हय ग?"

"तुझंच नाक हाय ते, आय," ताई म्हणाली.

आत्याने पदर सारखा केला, आणि कुणी न सांगता घोंगडीपुढच्या स्टुलावर जाऊन बसली.

सोमवारी ताईचा आणि आत्याचा असे दोन्ही फोटो नवी पेठेत धुऊन घ्यायला गेलो तेव्हा स्टुडिओवाल्याने सवयीने विचारलं की चेहरा साफ करू का. ताई म्हणाली, "बोट लावू नका." तात्यांनी ताईचा फोटो बघून भुवया वर केल्या, पण नेला. मग बरेच दिवस काहीच निरोप नाही. आईच्या भांड्यांचा आवाज वाढला. आणि मग एक दिवस निरोप आला की माणसं येतायत.

तेच पोहे, तीच सतरंजी, आणि आत्या तशीच दाराआड. ताई ट्रे घेऊन बाहेर आली. मुलाच्या आईच्या हातात फोटो होता. तिने फोटो बघितला, ताईकडे बघितलं, परत फोटो बघितला. अप्पांनी डोळे मिटले होते. ती बाई म्हणाली, "फोटूतल्यासारकीच हाय की," आणि फोटो शेजारी ठेवून पोह्यांची बशी उचलली. पुढे तिच्या घरात ताईचा संसार झाला, तो चांगला झाला. पण त्या वेळी हे कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही सगळे नुसते त्या बशीकडे बघत होतो.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार वाजलं. आत्या बाहेर आली. पाहुण्यांपुढे, डोक्यावरचा पदर मागे सरकलेला, ताठ. तिच्या हातात तिचा स्वतःचा फोटो होता. ती सतरंजीवरून सरळ मुलाच्या आईपाशी गेली आणि तो फोटो तिने ताईच्या फोटोशेजारी ठेवला.

"आन् ही मी," आत्या म्हणाली. "पोर माझ्यावर गेलीया."